टीव्हीखालच्या कॉम्प्युटरला इन्फ्रारेड रिमोट लावताना

प्रश्न थोडक्यात असा: टीव्हीखाली एक छोटा कॉम्प्युटर ठेवला आहे, त्यावर लिनक्स आणि चित्रपट-गाणी चालवायचा कोडी हा प्रोग्रॅम. यूएसबीला लावायचा इन्फ्रारेड रिसीव्हर आणला आणि घरात पडून असलेला जुन्या डीव्हीडी प्लेअरचा रिमोट कामाला घेतला. आधी रिसीव्हर काहीच दाद देईना. बरीच खटपट केल्यावर बाणांची बटणं चालू लागली, पण एकदा दाबलं की दोन घरं सरकतं. ओके अजिबात चालत नाही. कॉम्प्युटर स्लीपमध्ये गेला की रिमोटने उठत नाही. हे सगळं सोडून सरळ बिनतारी कीबोर्ड घ्यावा का?

नका घेऊ, निदान इतक्यात तरी नाही. तुमच्या तक्रारी चार आहेत, त्या चार निरनिराळ्या जागी उगम पावतात, आणि चारही सुटणाऱ्या आहेत. कोडीला एक्सबीएमसी म्हणायचे (नाव २०१४ मध्ये बदललं) तेव्हापासून मी टीव्हीखाली असे डबे बसवत आलो आहे. या सगळ्या काळात लोकांना एकच चूक पुन्हापुन्हा करताना पाहिलं: रिमोट चालत नाही म्हटलं की ते आधी कोडीच्या सेटिंगमध्ये शिरतात. कोडी हा या रस्त्यावरचा शेवटचा थांबा आहे. बटण दाबल्यावर रिमोटचा एलईडी लुकलुकतो, सेन्सर ते पकडतो, कर्नल (लिनक्सचा गाभा) त्यातून एक आकडा काढतो, त्या आकड्याची कीबोर्डवरची एखादी की होते, ती की डेस्कटॉपमधून पुढे जाते आणि मग कुठे कोडीला कळतं. गाडी कुठल्या थांब्यावर अडली आहे ते कळल्याशिवाय काहीही बदलायचं नाही, एवढा एक नियम पाळलात तर एका संध्याकाळचं काम आहे.

पहिला थांबा, खुद्द रिमोट. मोबाइलचा कॅमेरा सुरू करा, रिमोटचं तोंड त्याच्याकडे करा आणि बटण दाबून धरा. पडद्यावर फिकट जांभळा ठिपका लुकलुकताना दिसेल. हा प्रकाश साधारण ९४० नॅनोमीटरचा असतो. आपल्या डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. मागच्या कॅमेऱ्यावर बऱ्याच फोनमध्ये इन्फ्रारेड अडवणारी काच असते, तेव्हा तिथे दिसलं नाही तर पुढच्या कॅमेऱ्याने पाहा. ठिपका मंद असेल तर सेल बदला. रिचार्जेबल सेल घातले असतील तर तेही लक्षात घ्या: दोन साध्या सेलचे ३ व्होल्ट होतात, दोन रिचार्जेबलचे २.४. काही जुने रिमोट २.४ वर चालतात खरे, पण त्यांचा पल्ला निम्म्यावर येतो, आणि माणूस रिसीव्हरला दोष देत बसतो.

दुसरा थांबा सेन्सर. तो नुसता प्रकाश पाहत नाही, ठरावीक वेगाने लुकलुकणारा प्रकाश शोधत असतो. बहुतेक रिमोट सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकतात, म्हणजे ३८ किलोहर्ट्झ. फिलिप्सच्या आरसी-५ आणि आरसी-६ पद्धतीत ३६, सोनीच्या पद्धतीत ४०. ३८ चा सेन्सर ३६ आणि ४० चे रिमोटही ओळखतो, फक्त अंतर थोडं कमी होतं. अपवाद बँग अँड ओलुफसेनच्या रिमोटचा: ते ४५५ किलोहर्ट्झवर बोलतात, साध्या सेन्सरला ते कधीच ऐकू येणार नाहीत. असा रिमोट हाताशी असेल तर त्यावर वेळ घालवू नका.

सेन्सरचा खरा शत्रू आजूबाजूचा प्रकाश. माझ्याकडे एकदा रिमोट दिवसभर झकास चालायचा आणि संध्याकाळी सातनंतर बिथरायचा. मी दोन रात्री ड्रायव्हर उलटेपालटे केले. शेवटी कच्चा सिग्नल पाहायचा प्रोग्रॅम चालू ठेवला, रिमोट टेबलावर ठेवून दिला आणि बसून राहिलो. कोणी बटणाला हात लावलेला नसताना पडद्यावर आकड्यांचा पाऊस पडत होता. टीव्हीशेजारचा छोटा दिवा मालवला, पाऊस थांबला. त्या दिव्याचं विजेचं सर्किट असं काही लुकलुकत होतं की सेन्सरला सतत कुणीतरी बोलत असल्याचा भास व्हायचा. हे सेन्सर गोंगाट वाढला की आपली संवेदनशीलता आपोआप कमी करतात, त्यामुळे खरा रिमोटही त्यांना दुरून ऐकू येईनासा होतो. थेट ऊन पडलं तरी हेच. म्हणून रिसीव्हर यूएसबीच्या लांब वायरीवर लावा आणि जागा बदलून पाहा. टीव्हीच्या खालच्या कडेला, पडद्याच्या उजेडापासून थोडा मागे ही जागा मला सगळ्यांत सोयीची वाटते. कॉम्प्युटरच्या पाठीमागे खोचलेला रिसीव्हर भिंतीवरून परतलेल्या प्रकाशावर कधीकधी चालून जातो, पण त्या भरवशावर राहू नये.

तो कच्चा सिग्नल एकदा तुम्हीही पाहाच. व्हीफोरएल-युटिल्स या संचात ‘आयआर-सीटीएल’ नावाची आज्ञा आहे. तिला सिग्नल घ्यायचा पर्याय देऊन चालवलं आणि बटण दाबलं की एक लांबलचक ओळ उमटते: अधिक ९०२४, उणे ४४८७, अधिक ५६८, उणे ५५२, अधिक ५६१, उणे १६८३, अशी. अधिक म्हणजे प्रकाश होता, उणे म्हणजे नव्हता, आकडे मायक्रोसेकंदांचे. सुरुवातीला ९ हजारांच्या आसपासचा लांब झोत आणि मागून साडेचार हजारांची शांतता दिसली की समजायचं, हा एनईसी पद्धतीचा रिमोट. पुढचे सगळे झोत जवळपास ५६० चे. फरक फक्त मधल्या शांततेत. छोटी शांतता म्हणजे शून्य, तिप्पट लांब म्हणजे एक. अशा ३२ बिटांत आधी उपकरणाचा पत्ता, मग त्याचाच उलटा, नंतर बटणाचा क्रमांक आणि त्याचाही उलटा. उलटा पाठवायचा तो पडताळणीसाठी. पूर्ण संदेश साधारण ६८ मिलिसेकंदांत संपतो. हे वाचता येणं सक्तीचं नाही. पण एकदा पाहिलं की रिमोट ही गूढ वस्तू राहत नाही, आणि पुढच्या दुरुस्त्या अंदाजाने करायची वेळ येत नाही.

आता तुमची पहिली तक्रार, रिसीव्हर सुरुवातीला दाद देत नव्हता. बाजारात मिळणारे बरेचसे यूएसबी रिसीव्हर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया सेंटरसाठी (विंडोजवर टीव्ही-चित्रपट पाहायचा प्रोग्रॅम) घडवलेले किंवा त्यांच्या बरहुकूम केलेले असतात. लिनक्सचा ‘एमसीई-यूएसबी’ ड्रायव्हर त्यांना लगेच ओळखतो, पण त्यांच्यासोबत मूळ यायचा तो रिमोट आरसी-६ बोलणारा, म्हणून कर्नल फक्त आरसी-६ ऐकायचं ठरवून बसतो. तुमचा डीव्हीडीचा रिमोट बहुधा एनईसी बोलतो. तो सेन्सरपर्यंत पोहोचत होता, कर्नल त्याची भाषा ऐकायलाच तयार नव्हता. ‘आयआर-कीटेबल’ ही आज्ञा नुसती चालवलीत तर कुठल्या पद्धती उपलब्ध आहेत आणि त्यांतल्या कुठल्या चालू आहेत ते दिसतं. तपासणीपुरत्या सगळ्या चालू करा, त्यासाठी प्रोटोकॉलच्या पर्यायापुढे ‘ऑल’ लिहायचं. मग तिलाच चाचणीच्या पर्यायाने चालवा आणि एकेक बटण दाबा. प्रत्येक बटणाला एक स्कॅनकोड, म्हणजे त्या बटणाचा आकडा, दिसेल, सोबत पद्धतीचं नावही. कागदावर लिहून घ्या: वरचा बाण, खालचा बाण, ओके, मागे, सगळी. ही यादी पुढच्या कामाचा पाया आहे. यादी झाली की फक्त आपल्याला लागते तीच पद्धत चालू ठेवा. सगळ्या चालू ठेवल्या तर गोंगाटातून भलतंच काही ओळखलं जाण्याची शक्यता उगाच वाढते.

हा यादीचा टप्पा ज्याने गाळला त्याचं काम पुढे हमखास अडतं. जुन्या लेखांमध्ये अजूनही एलआयआरसी (रिमोट ओळखणारा जुना प्रोग्रॅम) बसवा, त्याच्या प्रोग्रॅमने रिमोट शिकवा, मग त्याची फाइल कोडीच्या फाइलीशी जुळवा, असे सल्ले सापडतात. एकेकाळी तोच मार्ग होता, मीही अशा कितीतरी फाइली हाताने लिहिल्या. पण २०१०च्या सुमारास इन्फ्रारेडचं डिकोडिंग कर्नलमध्येच आलं. आता साध्या रिमोटसाठी एलआयआरसीचा डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, लागतच नाही. कर्नल स्कॅनकोड ओळखतो, तक्त्यात त्याच्यापुढे कुठली की लिहिली आहे ते पाहतो आणि कीबोर्डवरून आल्यासारखी ती की पुढे सोडतो. बस.

तुमच्या दुसऱ्या तक्रारीचं मूळ बहुतेक इथेच आहे. एकदा दाबल्यावर दोन घरं सरकणं याची दोन कारणं असतात आणि त्यांतला फरक ओळखणं सोपं आहे. चाचणीच्या पर्यायाने आयआर-कीटेबल चालू ठेवा, बटण एकदा हलकेच दाबा. तिथे की खाली गेल्याची नोंद एकदाच आली आणि कोडीत मात्र दोनदा सरकलं, तर एकच निरोप दोन वाटांनी पोहोचतो आहे. कर्नल त्याची की करून पाठवतो आणि खटपटीत तुम्ही बसवलेला एलआयआरसीचा डीमन तोच सिग्नल वाचून कोडीला वेगळा सांगतो. एलआयआरसीची सेवा बंद करा, कायमची. लगेच फरक पडेल.

चाचणीतच की दोनदा खाली गेलेली दिसली तर गोष्ट वेगळी. बटण दाबून धरलं की एनईसी रिमोट पूर्ण संदेश एकदाच पाठवतो. पुढे दर १०८ मिलिसेकंदांनी फक्त ‘तेच, अजून तेच’ एवढी छोटी खूण. खुणा थांबल्या की कर्नल थोडा वेळ वाट पाहतो आणि बोट उचललं असं मानतो. आरसी-५ आणि आरसी-६ मध्ये खूण नसते, अख्खा संदेशच पुन्हा येतो, आणि नवीन दाबणं की जुनंच धरून ठेवलेलं हे कळावं म्हणून त्यात एक बिट असतो जो प्रत्येक नव्या दाबण्याला पलटतो. अशा रिमोटचा सिग्नल मधेच तुटला की कर्नलला वाटतं बोट उचललं, आणि पुढचा संदेश आला की पुन्हा दाबलं. म्हणजे परत सेल, अंतर, उजेड या पहिल्या दोन थांब्यांकडे जायचं. एनईसीची तऱ्हा आणखी निराळी: पहिला पूर्ण संदेश हुकला तर मागच्या खुणांत बटणाचा क्रमांकच नसतो, त्यामुळे कितीही वेळ दाबून धरा, काही होत नाही. ‘दाबून धरलं तरी ऐकत नाही, सोडून परत दाबलं की ऐकतो’ असं कुणी सांगितलं की मी न पाहता सेल बदलायला सांगतो.

याच पलटणाऱ्या बिटामुळे एक जुना आजार व्हायचा, तो सांगून ठेवतो, कारण एलआयआरसीच्या मार्गाने गेलेल्यांना आजही भेटतो. बटण एक आड एक चालतं: पहिल्यांदा हो, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा हो. शिकवताना प्रोग्रॅमने पलटणारा बिटसुद्धा बटणाच्या क्रमांकात धरलेला असतो, मग निम्मी दाबणी अनोळखी ठरतात. लोक रिमोटचं रबर घासून पुसत बसतात. दोष फाइलीत असतो.

दाबून धरल्यावर यादी किती भरभर पळावी हे तुमच्या हातात आहे. आयआर-कीटेबलमध्ये दोन आकडे असतात. पुनरावृत्ती सुरू व्हायच्या आधीचा थांबा मुळात ५०० मिलिसेकंद असतो, आणि त्यानंतर दोन पावलांमधलं अंतर १२५. दुसरा आकडा मी १०० किंवा त्याहून जरा कमी करतो. चित्रपटांची मोठी यादी असेल तर हाताला बरं वाटतं. पहिल्याला हात लावताना जपा. साध्या दाबण्यातही रिमोट दोन-तीन संदेश पाठवून मोकळा होतो, वर कर्नलची वाट पाहण्याची वेळ, त्यामुळे तो ४०० च्या खाली नेलात की हलक्या दाबण्यालाही पुनरावृत्ती समजलं जाऊ शकतं आणि दोन घरं सरकण्याची तक्रार तुम्हीच परत ओढवून घ्याल.

आता ओके. ही तक्रार मला सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येते आणि कारण कळलं की माणूस कपाळाला हात लावतो. तयार तक्त्यांमध्ये ओके बटणापुढे ‘की-ओके’ लिहिलेलं असतं. दिसायला बरोबर. पण लिनक्समध्ये प्रत्येक कीला क्रमांक असतो आणि की-ओकेचा क्रमांक ३५२ आहे. एक्स विंडो ही जुनी डेस्कटॉप यंत्रणा २५५ च्या पुढचे कीक्रमांक वाहून नेऊच शकत नाही, आणि ती कर्नलच्या क्रमांकात आणखी ८ मिळवते, म्हणजे प्रत्यक्षात २४७ पर्यंतच गाडी जाते. त्यापुढची की कर्नलपर्यंत व्यवस्थित येते, चाचणीत दिसते, आणि तिथून कोडीपर्यंत पोहोचायच्या आत नाहीशी होते. बाण चालतात कारण त्यांचे क्रमांक १०३ ते १०८ मधले आहेत. लाल, हिरवी, पिवळी, निळी ही रंगीत बटणंही याच कारणाने गप्प राहतात. लिब्रईएलईसीसारख्या, फक्त कोडी चालवण्यासाठी केलेल्या प्रणालींमध्ये एक्स विंडो वापरात नसेल तर हा अडथळा येत नाही; म्हणून एकाचा तक्ता दुसऱ्याकडे चालत नाही आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात.

उपाय साधा. ओकेच्या स्कॅनकोडपुढे की-ओकेच्या जागी की-एंटर लिहा, तिचा क्रमांक २८. आणि इथेच मी एक पाऊल पुढे जायला सांगेन: सगळी बटणं कोडीच्या कीबोर्ड शॉर्टकटवरच बसवा. कोडी मुळात कीबोर्डवरून पूर्ण चालतो. बॅकस्पेस म्हणजे मागे, ‘सी’ म्हणजे त्या वस्तूचा मेनू, ‘आय’ म्हणजे माहिती, ‘एम’ म्हणजे चित्रपट चालू असताना पडद्यावरची नियंत्रणं, स्पेस म्हणजे थांबा-चाला, ‘एक्स’ म्हणजे बंद, ‘टी’ म्हणजे सबटायटल, ‘एस’ म्हणजे बंद करण्याचा मेनू. या सगळ्या कीज सुरक्षित हद्दीत आहेत. डीव्हीडी रिमोटवरच्या ‘सबटायटल’ बटणापुढे की-टी लिहिलंत, ‘डिस्प्ले’पुढे की-आय लिहिलंत की कोडीच्या एकाही फाइलीला हात न लावता काम होतं. उद्या कोडी नव्याने टाकला तरी रिमोट तसाच चालतो. एकच अडचण: शोधायचा चौकोन उघडा असताना ‘टी’ दाबलंत तर तिथे टी अक्षर उमटेल. मी ते चालवून घेतो.

तक्ता म्हणजे एक छोटी मजकूर फाइल. हल्लीच्या आवृत्त्यांत ती टॉमल नावाच्या साध्या मांडणीत लिहायची असते: वर तक्त्याचं नाव आणि पद्धत, खाली प्रत्येक ओळीत डावीकडे स्कॅनकोड, उजवीकडे अवतरणचिन्हांत कीचं नाव. ती ‘ईटीसी’खालच्या ‘आरसी-कीमॅप्स’ फोल्डरमध्ये ठेवा. मग ‘ईटीसी’तल्याच ‘आरसी-मॅप्स’ या कॉन्फिग फाइलीत एक ओळ टाका: ड्रायव्हरचं नाव, मूळ तक्त्याचं नाव आणि तुमच्या फाइलीचं नाव. ही ओळ विसरलात तर सगळं छान चालेल आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला की नाहीसं होईल. दुसऱ्याच्या तक्त्यावरून नक्कल करताना फाइल जुन्या पद्धतीची तर नाही ना तेवढं पाहून घ्या.

विंडोज वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. मीडिया सेंटर २००२ मध्ये आलं आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये गेलं. त्याच्या रिमोटवरचं हिरवं बटण आता कुणाच्या कामाचं नाही. विंडोजवर मी फ्लर्कसारखा रिसीव्हर सुचवतो. तो कॉम्प्युटरला साधा यूएसबी कीबोर्ड म्हणून दिसतो, कुठल्याही रिमोटची बटणं त्याला शिकवता येतात, आणि शिकवलेलं त्याच्या स्वतःच्या मेमरीत राहतं. म्हणजे शिकवायचं एका कॉम्प्युटरवर आणि लावायचं दुसऱ्यावर असंही करता येतं. लिनक्सच्या तक्त्यांत शिरायचंच नसेल तर तिथेही हाच मार्ग घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरवर यूएसबी रिसीव्हरचीही गरज नसते. तीन पायांचा सेन्सर थेट जोडता येतो. इथे मात्र हात सांभाळा. टीएसओपी ३८२३८ या सेन्सरचा घुमट आपल्याकडे करून धरला तर डावीकडून पहिला पाय आउटपुट, मधला ग्राउंड, तिसरा वीज. जुन्या टीएसओपी १७३८ मध्ये क्रम वेगळा आहे: ग्राउंड, वीज, आउटपुट. दोघांचं रूप सारखंच, आणि जुन्याची आकृती पाहून नवा जोडला की वीज नेमकी भलत्या पायाला जाते. १७३८ ला ५ व्होल्ट लागतात, रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या पुढचं सोसत नाहीत, म्हणून तिथे ३८२३८च घ्या आणि त्याला ३.३ व्होल्टच द्या. वीज पिन १ वरून, ग्राउंड पिन ६ वर, आउटपुट पिन १२ वर, म्हणजे जीपीआयओ १८. वीज देणाऱ्या पायाशी १०० ओहमचा रेझिस्टर आणि तिथून ग्राउंडला एक छोटा कपॅसिटर घातला की वायरीतून येणारा गोंगाट दबतो. मी तो प्रत्येक वेळी घालतो. मग बूटच्या कॉन्फिग फाइलीत ‘जीपीआयओ-आयआर’ हा ओव्हरले (जोडलेल्या सेन्सरची ओळख करून देणारी सेटिंग) जीपीआयओ १८ देऊन चालू करायचा. जुन्या लेखांत ‘एलआयआरसी-आरपीआय’ असं नाव असतं, ते कर्नल ४.१९ पासून नाही. पुढचं सगळं, आयआर-कीटेबलपासून, वर सांगितलं तसंच.

कीबोर्ड की रिमोट या तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. टीव्हीच्याच रिमोटने एचडीएमआयमधून कॉम्प्युटर चालवायचा सीईसी हा मार्ग उत्तम आहे, पण बहुतेक कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डांत तो नसतो. रास्पबेरी पायमध्ये असतो. तिथे आधी तोच वापरून पाहा, कदाचित इन्फ्रारेड लागणारच नाही. साध्या कॉम्प्युटरला पल्स-एट कंपनीचा जोड मध्ये घालावा लागतो. ब्लूटूथच्या रिमोटला समोर धरायची गरज नसते, ही त्याची मोठी सोय. पण तो स्वतः झोपतो, जागा व्हायला क्षणभर घेतो, जोडी तुटली की पुन्हा जुळवावी लागते, आणि हे सगळं ज्याने बसवलं तो घरी नसताना घडतं. माझी आई इन्फ्रारेडचा रिमोट वर्षानुवर्षं वापरते आहे. तिला त्यातलं काही शिकवावं लागलं नाही. बटणाला उंचवटा आहे, अंधारात अंगठा आपोआप जागेवर जातो. बिनतारी कीबोर्ड तिने एकदा हातात घेतला आणि सोफ्याच्या कडेला ठेवून दिला, तो तिथेच राहिला. टीव्हीखालचा कॉम्प्युटर सगळ्या घराचा असावा असं वाटत असेल तर रिमोटवर घातलेली संध्याकाळ सार्थकी लागते असं माझं मनापासूनचं मत आहे. कीबोर्ड घेतलात तरी तो कपाटात ठेवा, दुरुस्तीसाठी.

रिमोट निवडताना एक काळजी घ्या. ज्या कंपनीचा टीव्ही आहे त्याच कंपनीच्या दुसऱ्या उपकरणाचा रिमोट घेतलात तर कधीकधी दोघंही उत्तर देतात: कोडीत चित्रपट थांबतो आणि टीव्हीवर मेनू उघडतो. सार्वत्रिक रिमोट असेल तर त्यावर तुमच्या घरात नसलेल्या उपकरणाचा कोड निवडा, एखाद्या व्हीसीआरचा वगैरे. त्या पत्त्याला उत्तर देणारं घरात दुसरं कुणी नसल्याने ती सगळी बटणं कॉम्प्युटरची. चांगल्या सार्वत्रिक रिमोटपैकी लॉजिटेकच्या हार्मनीचं उत्पादन थांबल्याचं कंपनीने २०२१ मध्ये जाहीर केलं, पण जुना हाताशी असेल तर या कामाला अजूनही फार छान आहे.

राहिली चौथी तक्रार, झोपलेल्या कॉम्प्युटरला उठवणं. आधी पॉवरचं बटण कुठल्या कीवर बसवलं आहे ते पाहा. की-पॉवर लिहिलं असेल तर लिनक्समधल्या सेवा सांभाळणारी सिस्टमडी ती की कोडीच्या आधी स्वतःच पकडू शकते, आणि तिचा मूळ अर्थ तिथे ‘पूर्ण बंद’ असा असतो. मग कॉम्प्युटर झोपलेला नसतोच, बंद झालेला असतो, आणि बंद झालेल्याला यूएसबीवरून उठवणं बहुतेक बोर्डांना जमत नाही. की-स्लीप लिहा, किंवा सिस्टमडीच्याच लॉगिनडी या भागाच्या कॉन्फिग फाइलीत पॉवर कीचा अर्थ सस्पेंड करा.

तो खरंच झोपत असेल तर दोन गोष्टी लागतात: झोपेतही यूएसबीला वीज हवी आणि त्या उपकरणाला उठवण्याची परवानगी हवी. वीज बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, ठरते. ‘ईआरपी’ नावाचा पर्याय चालू असेल तर काही बोर्ड ही वीज तोडतात, तो बंद करा. यूएसबीने उठवण्याचा वेगळा पर्याय असेल तर चालू करा. परवानगी लिनक्सकडे: ‘सिस’खालच्या यूएसबी उपकरणांच्या यादीत आपल्या रिसीव्हरचं फोल्डर शोधा, त्यातल्या ‘पॉवर’मध्ये ‘वेकअप’ नावाची फाइल असते. तिच्यात ‘डिसेबल्ड’ दिसलं तर ‘इनेबल्ड’ लिहा. पुन्हा सुरू केल्यावर हे पुसलं जातं, तेव्हा चाललं की यूडेव्हच्या (उपकरण जोडलं की काय करायचं ते ठरवणाऱ्या सेवेच्या) नियमात कायमचं करून टाका. विंडोजवर हेच काम डिव्हाइस मॅनेजरमध्ये, उपकरणाच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर एका खुणेने होतं.

इतकं करूनही उठला नाही तर त्याच पोर्टला साधा यूएसबी कीबोर्ड लावा, त्यालाही तीच परवानगी द्या, कॉम्प्युटर झोपवा आणि एखादी की दाबा. कीबोर्डनेही उठला नाही तर पोर्ट किंवा बायोसचं काम बाकी आहे, दुसरं पोर्ट घेऊन पाहा. कीबोर्डने उठला आणि रिसीव्हरने नाही, तर पोर्ट ठीक आहे आणि अडचण रिसीव्हरच्या आत आहे. मीडिया सेंटरचे काही रिसीव्हर झोपेत असताना फक्त मीडिया सेंटर रिमोटचा आरसी-६ मधला पॉवर कोड ओळखतात, बाकी कुणाचं ऐकत नाहीत, कारण त्या वेळी कर्नल जागा नसतो आणि ओळखण्याचं काम रिसीव्हरच्या चिपलाच करावं लागतं. तुमच्या डीव्हीडी रिमोटने तो कधीच उठणार नाही. शिकणारा रिमोट आणून त्याच्या पॉवर बटणाला मीडिया सेंटरचा कोड शिकवा, बाकी बटणं डीव्हीडीचीच राहू द्या. कर्नलमध्ये मग आरसी-६ आणि एनईसी दोन्ही पद्धती चालू ठेवाव्या लागतील, आणि तक्त्यात पॉवरची तेवढी एक ओळ आरसी-६ च्या वेगळ्या भागात लिहावी लागेल.